कोलायटिस निघालाय, आता पुढं काय करायचं

रिपोर्ट हातात आला की माणूस पहिल्यांदा मोबाईल काढतो आणि त्यावरचं नाव टाकून वाचत बसतो. मीपण तेच केलं, रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसलो आणि सकाळी उठलो ते आता आपलं काय खरं नाही असं मनात धरूनच. ते २०१६ साल होतं. आज मी रोज कामावर जातो, पोराला शाळेत सोडतो, रविवारी रंकाळ्यावर चालायला जातो, आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस अजून माझ्याबरोबर आहेच. तेव्हा कुणी समोर बसवून नीट सांगितलं असतं तर पहिली दोन वर्षं एवढी वाईट गेली नसती, म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. डोस आणि औषधं तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायची, पण घरात, ताटात, प्रवासात आणि डोक्यात काय काय होतं ते ओपीडीच्या दहा मिनिटांत सांगून होत नाही.

पहिलं काम, आजार समजून घ्या

मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, बारीक बारीक जखमा होतात आणि त्यातून रक्त आणि शेम, म्हणजे आव, पडतो. जंतूंशी लढायला शरीराची जी यंत्रणा असते तीच आपल्या आतड्यावर उलटते. का उलटते याला एकच एक कारण नाही, थोडं आनुवंशिक, थोडं आतड्यातल्या जंतूंचं बिघडलेलं गणित, थोडं आजूबाजूचं वातावरण. सूज सुरू होते ती खालून, गुदाशयापासून, आणि वर चढत जाते. कुणाची खालच्या वीतभर भागातच थांबते, कुणाची डाव्या बाजूपर्यंत जाते, कुणाचं आख्खं मोठं आतडं धरते. याचाच भाऊबंद म्हणजे क्रोन्स, तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही होऊ शकतो आणि आतड्याच्या जाडीत खोल शिरतो. आपल्याकडं आतड्याचा टीबी आणि क्रोन्स इतके सारखे दिसतात की डॉक्टरांनापण ठरवायला वेळ लागतो, त्यामुळं बायोप्सीला, म्हणजे आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासायला, चार दिवस जास्त गेले तर वैतागू नका.

हा संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवलं, एक संडास वापरला, पोराला जवळ घेतलं तर कुणाला होत नाही. आणि दुसरी गोष्ट, जी मला आमच्या आईला शंभरदा सांगावी लागली, मिसळ खाऊन हा होत नाही. तिखटानं त्रास वाढू शकतो पण आजार तिखटानं लागत नाही, टेन्शननंपण लागत नाही. तसं असतं तर आख्ख्या कोल्हापुराला झाला असता. तिनं दोन वर्षं स्वतःला दोष दिला की मी लहानपणापासून पोराला खर्डा-भाकरी घातली म्हणून. तुमच्या घरात कोण असं मनात धरून बसलं असेल तर आधी ते काढून टाका.

गोळ्यांनी हा मुळापासून जात नाही, ताब्यात राहतो. शुगर-बीपीवाले जसे वर्षानुवर्षं गोळी घेऊन जगतात तसंच. त्रास उसळला की त्याला फ्लेअर म्हणतात आणि शांत असला की रेमिशन, हे दोन शब्द आता कायम कानावर पडतील.

मूळव्याध समजून वेळ घालवू नका

निदान व्हायच्या आधीचं माझं दीड वर्ष असंच गेलं. रक्त पडतंय म्हटल्यावर घरात, गल्लीत, कामावर सगळ्यांचं एकच, मूळव्याध असणार. लाजेपोटी मीपण तपासून घेतलं नाही, एकाकडून पुड्या आणल्या, दुसऱ्याकडून चूर्ण, मग आव पडतेय म्हणून अमिबाच्या गोळ्यांचे तीन कोर्स झाले. हिमोग्लोबिन ७ वर आलं तेव्हा कुठं दुर्बिणीची तपासणी झाली. हे वाचणाऱ्यात कुणाचं अजून निदान झालं नसेल तर फरक ध्यानात घ्या. मूळव्याधीत रक्त बहुतेक वेळा लालभडक, वरून लागलेलं किंवा शेवटी थेंब थेंब. कोलायटिसमध्ये शेमात कालवल्यासारखं असतं, जायची घाई इतकी की दार गाठणं मुश्कील, जाऊन आलं तरी अजून राहिलंय असं वाटतं, आणि झोपेतून उठून जावं लागतं. हे झोपेतून उठणं लई महत्त्वाचं, डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि फरक पाठ असला तरी घरबसल्या ठरवू नका, रक्त पडतंय तर तपासून घ्यायचंच.

दुसरं काम, फाईल

एक जाड फाईल आणा, पहिल्या पानावर तुमचं नाव, ब्लड ग्रुप, निदानाची तारीख आणि त्रास पहिल्यांदा कधी सुरू झाला ते साल लिहा. हे साल पुढं उपयोगी पडतं, का ते शेवटी सांगतो. आत कोलोनोस्कोपीचा, म्हणजे त्या दुर्बिणीच्या तपासणीचा, रिपोर्ट फोटोंसकट, बायोप्सी, रक्ताचे रिपोर्ट तारखेप्रमाणं. हे सगळं मोबाईलमध्येपण फोटो काढून ठेवा, २०१९ आणि २०२१ च्या पुरात आपल्याकडं किती घरांतली कागदपत्रं गेली ते आठवून बघा.

पुढच्या भेटीला डॉक्टरांना चार गोष्टी विचारा आणि उत्तरं तिथंच लिहून घ्या. सूज कुठपर्यंत आहे. किती जोरात आहे. कुठलं औषध किती दिवस. आणि अचानक वाढलं तर कुणाला, कुठल्या नंबरवर फोन करायचा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तर पाठच पाहिजे, कारण तुम्हाला गोळी पुरेल का खालून औषध घ्यावं लागेल ते त्यावर ठरतं.

त्याबरोबर एक छोटी वही. रोज किती वेळा गेलो, रक्त होतं का नाही, रात्री उठलो का, एवढंच. दोन ओळी लागतात. "बरं आहे डॉक्टर" असं सांगण्यापेक्षा ही वही पुढं केली की डॉक्टरांना खरं कळतं. माझी घसरण दोनदा आधी वहीत दिसली, मला जाणवायच्या आधी.

शौचाची एक तपासणी असते, कॅलप्रोटेक्टिन. आतड्याला सूज असली की ते वाढतं, साधारण ५० च्या खाली असलं तर नॉर्मल आणि २५० च्या वर गेलं की सूज जागी आहे असं बहुतेक धरतात. दरवेळी दुर्बीण घालायला नको म्हणून याचा उपयोग होतो. फ्लेअर वाटला की आधी शौचाची जंतूंची तपासणीपण करायला लावतात, कारण साध्या इन्फेक्शननंपण असाच त्रास होतो आणि पावसाळ्यात आपल्याकडं पाण्याचं काय होतं ते सांगायला नको.

डॉक्टर पोटविकारतज्ज्ञच बघा, गॅस्ट्रोवाले. आपल्याकडं आधी मिरज नाहीतर पुणं गाठायची सवय, आता कोल्हापुरातपण गॅस्ट्रोचे डॉक्टर आहेत, आणि या आजारात दर महिना-दोन महिन्यांनी जावं लागतं तर जवळचा बरा. मोठ्या निर्णयाला, म्हणजे बायोलॉजिक (गोळ्यांनी भागलं नाही की द्यायची भारी इंजेक्शनं) नाहीतर ऑपरेशन, दुसरं मत जरूर घ्या.

तिसरं काम, औषधं, आणि इथंच बरेच जण चुकतात

बहुतेकांची सुरुवात मेसालामाइननं होते, आतड्याची सूज उतरवणारं औषध. गोळीवरचं आवरण असं केलेलं असतं की ती पोटात न विरघळता पुढं आतड्यात जाऊन विरघळते, म्हणून ती तोडायची नाही, चावायची नाही, कुटून तर अजिबात नाही. मोठी आहे म्हणून आमच्या ओळखीतल्या एक काकू अर्धी करून घ्यायच्या आणि गुण येत नाही म्हणायच्या. गिळायला जमतच नसेल तर दाण्यांचं पाकीट मिळतं, डॉक्टरांना विचारा.

मग येतं खालून घ्यायचं औषध, सपोझिटरी म्हणजे गुदद्वारातून आत सरकवायची गोळी, किंवा एनिमा म्हणजे बाटलीतलं पातळ औषध. इथं सगळे लाजतात आणि मेडिकलमधून आणून कपाटात ठेवून देतात. असं करू नका. सूज खालीच असेल तर सपोझिटरी नेमकी जखमेवर औषध नेऊन ठेवते, आणि गोळी प्लस एनिमा हे नुसत्या गोळीपेक्षा जास्त काम करतं. घ्यायची पद्धत सांगतो. रात्री झोपायच्या आधी संडासला जाऊन या. एनिमाची बाटली दहा मिनिटं कोमट पाण्यात धरा, गार गेला तर आतडं लगेच बाहेर टाकतं. डाव्या कुशीवर झोपा, उजवा गुडघा पोटाशी, अंगाखाली जुना टॉवेल, टोकाला जरा तेल किंवा जेली, हळूहळू दाबा आणि अर्धा तास तरी तसंच पडून राहा. पहिले चार-पाच दिवस थांबत नाही, बाहेर येतं, तरी सोडू नका. आठवड्यात जमायला लागतं.

काहींना सल्फासॅलाझिन देतात, जुनं औषध, स्वस्त. स्वीडनच्या नाना स्वार्त्झ नावाच्या डॉक्टरबाईंनी ते १९४० च्या आसपास सांधेदुखीसाठी आणलं आणि मग लक्षात आलं की कोलायटिसवर चालतंय. ज्यांचे सांधेपण दुखतात त्यांना आजही ते बरं पडतं. लघवी नारिंगी होते, घाबरायचं नाही. बरोबर फॉलिक ॲसिड घ्यावं लागतं. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. आणि पुरुषांनो, मूल हवं असेल तर डॉक्टरांना सांगा, यानं शुक्राणू कमी होतात आणि औषध बदललं की काही महिन्यांत परत पूर्ववत होतात. हे माहीत नसल्यानं घरात बायकोच्या तपासण्या सुरू होतात, ते टाळा.

स्टेरॉइड. फ्लेअर जोरात असला की प्रेडनिसोलोन देतात, चार-पाच दिवसांत जादू झाल्यासारखं वाटतं, भूक लागते, रक्त थांबतं, आणि तिथंच माणूस फसतो. हे आग विझवायचं औषध आहे, वर्षभर चालवायचं नाही. तोंड सुजतं, शुगर वाढते, झोप उडते, चिडचिड होते, हाडं ठिसूळ होतात, म्हणून बरोबर कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी देतात. एकदम बंदपण करायचं नाही, कारण शरीरानं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं. डॉक्टर आठवड्याआठवड्यानं उतरवत आणतात, तो तक्ता फ्रिजवर चिकटवा आणि तसाच पाळा. वर्षात दोनदा स्टेरॉइड लागलं, किंवा उतरवलं की लगेच त्रास परत येतोय, तर आताचं औषध पुरत नाही असा त्याचा अर्थ, पुढच्या औषधाबद्दल तुम्ही स्वतः विषय काढा. आणि त्या बिननावाच्या पुड्या ज्यानं दोन दिवसांत गुण येतो, त्यात बऱ्याचदा हेच स्टेरॉइड असतं. वैद्यांकडं जायचं तर जा, पण लेबल नसलेलं काही पोटात घालू नका आणि चालू गोळ्या बंद करून तर मुळीच जाऊ नका.

ॲझाथायोप्रिन, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी, सुरू केलं तर गुण यायला दोन-तीन महिने लागतात, धीर धरा. पण रक्ताची तपासणी ठरलेल्या दिवशी झालीच पाहिजे, सुरुवातीला तर आठवड्या-पंधरवड्याला, कारण काही लोकांच्या पांढऱ्या पेशी एकदम खाली येतात. आपल्या भारतीयांत हे एका जीनमुळं जास्त दिसतं, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत केस मूठ मूठ गळायला लागले तर ती त्याचीच खूण असू शकते, त्याच दिवशी फोन करा. युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल चालू असेल तर तेपण आधीच सांगा, ही दोन एकत्र धोक्याची आहेत.

त्याच्यापुढं बायोलॉजिक, इन्फ्लिक्सिमॅब, ॲडॅलिमुमॅब वगैरे, आणि टोफासिटिनिबसारख्या गोळ्या. ही सुरू करायच्या आधी टीबीची तपासणी करतात, छातीचा एक्सरे आणि त्वचेची किंवा रक्ताची टेस्ट, कारण आत झोपलेला टीबी या औषधांनी उठतो. घरात कुणाला कधी टीबी झाला होता का हे आठवून सांगा, लपवू नका. लसींचंपण तेव्हाच विचारा, फ्लू, न्यूमोनिया, हिपॅटायटिस बी. या औषधांवर असताना जिवंत जंतूंच्या लसी चालत नाहीत, त्यामुळं घ्यायचं ते आधीच घ्यावं लागतं.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. २०१८ ला मी एकदम ठणठणीत होतो. वजन भरलं, रक्त नाही, दिवसातून एकदा संडास. मग वाटलं कशाला या आठ आठ गोळ्या रोज, आणि मी कुणाला न सांगता बंद केल्या. गणपतीच्या आधी बंद केल्या, डिसेंबरात दवाखान्यात ॲडमिट. दहा दिवस सलाईन आणि शिरेतून स्टेरॉइड, बायको पोराला आईकडं ठेवून रोज डबा घेऊन येत होती. ठणठणीत होतो ते गोळ्यांमुळंच होतो. बरं वाटायला लागल्यावर दोन महिन्यांनी औषध सोडणारे मी नंतर कितीतरी बघितले, आणि सगळ्यांचं कारण एकच, आता काय होत नाही. म्हणून पाया पडून सांगतो, त्रास नसलेल्या दिवशीची गोळी सगळ्यात महत्त्वाची. डबी ब्रशशेजारी ठेवा, मोबाईलला अलार्म लावा, पाकीट संपायच्या आठ दिवस आधी नवीन आणा.

जाता जाता एक. अंगदुखी, पाठदुखी, दात दुखला म्हणून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी गोळी मेडिकलमधून आणून घेऊ नका, यांनी फ्लेअर उसळू शकतो. पॅरासिटामॉल चालतं. तालमीत किंवा जिममध्ये जाणाऱ्यांनी हे जास्त ध्यानात ठेवा. आणि दुसऱ्या कशासाठी अँटिबायोटिक लिहून देत असतील तर त्या डॉक्टरांनापण कोलायटिस आहे हे सांगा.

चौथं काम, ताट

कोल्हापुरात राहून या आजारात खायचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. खरं सांगायचं तर सगळ्यांना लागू पडेल असा एकच आहार नाही. दोन वेगळे काळ धरा, फ्लेअरचा आणि शांत असतानाचा.

फ्लेअरमध्ये आतडं सोललेल्या हातासारखं असतं. तेव्हा मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरण, तूप थोडं, उकडलेला बटाटा, दुधी, गाजर शिजवून, पिकलं केळं, अंडं, वाफवलेला मासा किंवा चिकनचं साधं पाणी. साल, बी, कच्चं सॅलड, कच्चा कांदा, शेंगदाणे, भडंग, मक्याचं कणीस, कोंड्याची भाकरी बंद. थोडं थोडं पाच-सहा वेळा. पाणी आणि ओआरएस भरपूर. पण उपाशी राहू नका, खाल्लं की जावं लागतं म्हणून लोक खाणंच सोडतात आणि मग पायात जीव राहत नाही. शरीर रक्त आणि प्रोटीन दोन्ही घालवत असतं, तेव्हा अंडं, डाळ, पनीर जे चालेल ते प्रोटीन आत गेलंच पाहिजे.

शांत झालं की एकेक पदार्थ परत आणा. एका वेळी एकच, तीन दिवस बघायचं, वहीत लिहायचं. ज्वारीची भाकरी मला महिन्याभरात परत चालायला लागली. तांबडा रस्सा मी आता वाटीत घेत नाही, मटणाचे तुकडे आणि पांढरा रस्सा घेतो, तो नारळाच्या दुधाचा असल्यानं मला सौम्य पडतो. मिसळ महिन्यातनं एकदा, कट न घेता, मटकी आणि पाव. आमच्या एका ओळखीच्याला तांबडा चालतो आणि वांगं चालत नाही. त्यामुळं माझी यादी उचलू नका, तुमची तुम्ही बनवा, आणि जे विनाकारण बंद केलंय ते परत सुरू करायचा प्रयत्न करा. घाबरून घाबरून भात-वरणावर दोन वर्षं काढलेली माणसं मी बघितलीत, वजन ४० वर आलेलं.

आषाढात त्र्यंबोलीची यात्रा, गावाकडच्या जत्रा-म्हाया, आखाडातली जेवणं, नको म्हटलं तर लोक रागावतात. मी आधीच फोन करून सांगतो, "मावशी, माझ्यापुरतं वाटीभर मसाला घालायच्या आधीचं बाजूला काढा." कुणी नाही म्हणत नाही. न सांगता जाऊन ताटात टाकलं तर मात्र वाईट दिसतं.

दुधाचं वेगळं. काहींना दुधानं पोट फुगतं, जास्त करून फ्लेअरमध्ये, त्यांनी तेव्हा थांबवावं आणि नंतर बघावं, दही-ताक बऱ्याच जणांना चालतं. पण गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर धार काढून समोर मिळतं ते फेसाळ दूध, मला लहानपणापासून त्याची ओढ आहे, ते मी सोडलंय. स्टेरॉइड, ॲझाथायोप्रिन, बायोलॉजिक यातलं काहीही चालू असताना न उकळलेलं दूध प्यायचं नाही, त्यातून ब्रुसेला आणि टीबीचे जंतू येऊ शकतात आणि आपली प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असते. घरी आणून उकळून प्या. उघड्यावरचा ऊसाचा रस, बर्फाचा गोळा याचंपण तसंच.

हिमोग्लोबिन, लोह, बी१२, व्हिटॅमिन डी वर्षातून दोनदा बघून घ्या. लोहाच्या गोळीनं शौच काळं होतं आणि काहींचं पोट बिघडतं, मग शिरेतून लोह देतात, त्यानं माझा थकवा पंधरा दिवसांत गेला. थकवा म्हणजे आळस समजू नका, त्याला कारण असतं, शोधायला लावा.

पाचवं काम, संडासाचा नकाशा

हे कुणी शिकवत नाही. घरातनं कामापर्यंतच्या रस्त्यावर कुठं कुठं जाता येतं ते एका रविवारी गाडीवरून फिरून बघून ठेवा, पेट्रोल पंप, एसटी स्टँड, ओळखीचं दुकान, दवाखाना. ओळखीच्या दुकानदाराला सरळ सांगून ठेवा. जागा माहीत असली की निम्मी घाई तिथंच कमी होते, हे मी अनुभवानं सांगतो.

पिशवीत कायम एक पाऊच, त्यात अंडरवेअर, ओले टिश्यू, दोन काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या, पाण्याची छोटी बाटली, एक दिवसाच्या गोळ्या आणि आजाराचं नाव लिहिलेली चिठ्ठी. पुण्याला जायचं तर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर आहे, फ्लेअरच्या काळात एसटीपेक्षा रेल्वे बरी, डब्यात संडास असतो, सीट दाराजवळची घ्या. एसटीनंच जायचं तर चढतानाच कंडक्टरला हळूच सांगा, मला पोटाचा आजार आहे, गरज पडली तर गाडी थांबवा. मी चार वेळा सांगितलंय, चारही वेळा त्यांनी मान डोलावली, एकदा कराडच्या अलीकडं खरंच थांबवली. नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत किंवा चैत्रात जोतिबाला गर्दीत जायचं असेल तर शांत काळातच, आणि रांगेत बाहेर पडायची वाट कुठं आहे ते आधी बघून.

सहावं काम, सांगायचं कुणाला

घरातल्यांना सगळं सांगा. संडासातल्या रक्ताबद्दल बोलायला लाज वाटते, पण बायकोला माहीत नसलं तर ती रोज तिखट करत राहणार आणि तुम्ही चिडत राहणार. कामावर साहेबाला आणि एका जवळच्या सहकाऱ्याला पुरे. "मला आतड्याला सूज येण्याचा कायमचा आजार आहे, कधी कधी मीटिंगमधून उठावं लागेल", एवढं वाक्य बास. जपानचे शिंझो आबे यांना हाच आजार होता, किशोरवयापासून. २००७ ला त्यांनी पंतप्रधानपद सोडलं तेव्हा हा उसळला होता, नंतर औषधांवर सावरून २०१२ ला परत पंतप्रधान झाले आणि जवळजवळ ८ वर्षं देश चालवला, २०२० ला पुन्हा त्रास वाढला तेव्हा जाहीर सांगून पायउतार झाले. देशाचा पंतप्रधान पत्रकारांसमोर सांगतो तर आपण साहेबाला सांगू शकतो.

लग्न ठरत असेल तर लपवू नका, रिपोर्ट दाखवून सांगा, सोबत डॉक्टरांची भेट घडवा. मुलींच्या बाबतीत घरचे जास्त दाबतात, त्यांना हे वाचायला द्या. या आजारात मूल होतं. आजार सहा महिने तरी शांत असताना राहिलं तर गरोदरपण बहुतेक नीट जातं, आणि बरीचशी औषधं तेव्हापण चालू ठेवतात. दिवस गेले म्हणून घाबरून स्वतः गोळ्या बंद करणं जास्त धोक्याचं. मेथोट्रेक्सेट नावाचं औषध मात्र चालत नाही, ते आधीच बंद करावं लागतं, म्हणून ठरवतानाच डॉक्टरांशी बोला.

मन खचतं. मी तीन महिने कुणाच्या लग्नाला, बारशाला गेलो नव्हतो. असं व्हायला लागलं तर मानसोपचाराच्या डॉक्टरकडं जायला कचरू नका, मी गेलो, उपयोग झाला.

कधी थांबायचं नाही

दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताची शौच आणि त्यासोबत ताप, छातीत धडधड, किंवा चक्कर, तर उद्या सकाळी बघू म्हणू नका, त्याच दिवशी ॲडमिट. पोट फुगून कडक झालं, दुखणं थांबत नाही, तरी तेच. फ्लेअरमध्ये रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका वाढतो, एका पायाला सूज आणि दुखणं, किंवा एकदम दम लागला तर लगेच. डोळा लाल होऊन दुखतोय, उजेड सहन होत नाही, तर डोळ्याच्या डॉक्टरकडं, हापण याच आजाराचा भाग असू शकतो, तसंच सांधे सुजणं, नडगीवर लाल दुखऱ्या गाठी. रात्र असली आणि काही सुचलं नाही तर कोल्हापुरातलं सीपीआर, म्हणजे सरकारी हॉस्पिटल, चोवीस तास उघडं असतं, फाईल घेऊन जा.

पैशाचं

जनऔषधी केंद्रात तुमच्या गोळीचं मूळ नाव सांगून विचारा, ब्रँडचं नाव नको. बायोलॉजिकची बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपनीनं बनवलेली तशीच औषधं, मिळतात, मूळ कंपनीपेक्षा स्वस्त. ॲडमिट व्हायची वेळ आली तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. मेडिक्लेम काढताना आजार लिहाच. आधीपासूनच्या आजाराचा वेटिंग पिरियड २०२४ पासून ३ वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, तेवढं थांबायची तयारी ठेवून आजच काढा. लपवून काढलेली पॉलिसी ऐन वेळेला नाकारतात.

आणि ते फाईलवरचं साल. मोठ्या आतड्याचा बराचसा भाग धरला असेल तर वर्षं जातील तसा आतड्याच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, म्हणून त्रास सुरू झाल्यापासून ८ वर्षांनी तपासणीची कोलोनोस्कोपी करतात, मग पुढं दर वर्षा-दोन वर्षांनी किंवा पाच वर्षांनी, ज्याची जशी परिस्थिती. त्रास काही नसला तरी करायची. मोजायचं ते लक्षणं सुरू झाल्यापासून, निदानापासून नाही, माझं त्यात दीड वर्षाचं अंतर होतं आणि मी चुकीचं मोजत होतो, डॉक्टरांनी फाईल बघून धरलं. आदल्या दिवशी ते पोट साफ करायचं औषध प्यायला कंटाळा येतो, गार करून, लिंबाचा वास घेत घेत, पंधरा पंधरा मिनिटांनी एक ग्लास असं घ्या, आणि त्या दिवशी घरातला संडास तुमच्या एकट्यासाठी ठेवा. माझी झाली, सूज नव्हती, नमुने चांगले आले. पुढची तारीख त्याच पानावर पेनानं लिहिलीय.